फर्मानाच्या सुधारणा आणि प्रजेचा हक्क

दरवर्षी सप्टेंबरची १७ तारीख आली की मराठवाड्यात, बिदर-गुलबर्ग्याकडे आणि तेलंगणात सभा भरतात, ध्वज उभारले जातात आणि हैदराबादच्या जुन्या राजवटीविषयी बोलणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो की १९४८ चा लढा हा दोन धर्मांचा लढा होता. दुसरा तट म्हणतो की निजामाचे राज्य उगाच बदनाम झाले. त्याने तलाव बांधले, इस्पितळे उभारली, विद्यापीठ काढले. अखेरच्या वर्षात रझाकारांनी धुमाकूळ घातला नसता तर ती राजवट आपल्या पावलांनी चालत लोकशाहीपर्यंत पोहोचलीच असती. हे दोन्ही तट एकमेकांचे हाडवैरी दिसतात खरे. पण एका बाबतीत त्यांचे मूक एकमत आहे. पहिल्याने सारा दोष धर्मावर टाकला, दुसऱ्याने तो एका वकिलाच्या टोळीवर टाकला. आणि या दोघांच्या भांडणात गादी मात्र निर्दोष सुटली. आमचे म्हणणे असे की आरोपीच्या पिंजऱ्यात जिला सर्वांआधी उभे केले पाहिजे ती गादीच होय. वंशाने मिळालेली, कोणालाही जबाबदार नसलेली आणि एका माणसाच्या मर्जीवर चालणारी सत्ता ही जी संस्था, तिचा हा खटला आहे.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी उघडपणे मान्य करू. कारण सत्य नाकारून केलेला युक्तिवाद चार दिवस टिकत नाही. मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले होते. त्याच्या कारकिर्दीत उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले व शहराचा पुराचा धोका पुष्कळ कमी झाला. मांजरा नदीवर निजामसागर झाला आणि १९३१ पासून निजामाबादेकडील जमीन भिजू लागली. उच्च न्यायालयाची आणि उस्मानिया इस्पितळाची इमारत आजही पाहणाऱ्याला थांबवते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षण इंग्रजीवाचून, एका देशी भाषेत देता येते हे त्याने साऱ्या हिंदुस्थानाला दाखवून दिले. न्यायखाते कारभारखात्यापासून वेगळे करण्याचे पाऊल ब्रिटिश मुलुखाच्या कितीतरी आधी तेथे पडले. संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचे नाणे होते, स्वतःचे टपाल होते. हे सर्व झाले. यातले काहीही खोटे नाही.

परंतु राज्य बदलले की नाही, हे इमारती मोजून ठरत नाही. त्याची कसोटी निराळी आहे, आणि ती तीन साध्या प्रश्नांची आहे. राज्यकर्त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याने खर्चिलेल्या पैशाचा हिशेब कोणी मागू शकतो काय? आणि त्याने चूक केली तर 'ही चूक आहे' असे भर चौकात म्हणून माणूस त्या रात्री आपल्या घरी झोपू शकतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे १९११ साली जी होती तीच १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिली. मधल्या सदतीस वर्षांत दगड, विटा, रूळ आणि तारा यांत जो बदल झाला तो डोळ्यांत भरण्याजोगा होता. सत्तेच्या मुळात बदल झाला नाही.

पहिल्या प्रश्नाचा विचार करा. गादीवर आल्यावर तीन वर्षांतच, १९१४ साली, निजामाने तिसऱ्या सालारजंगाला दिवाणपदावरून दूर केले आणि पाच वर्षे कारभार स्वतःच्या हातात ठेवला. १९१९ साली कार्यकारी मंडळ स्थापन झाले व सर अली इमाम त्याचे पहिले अध्यक्ष झाले. याला त्या वेळी मोठी सुधारणा म्हणून गौरवण्यात आले. पण या मंडळाला जन्म कोणी दिला? फर्मानाने. त्याचे सभासद कोण नेमणार? निजाम. त्यांना घरी कोण पाठवणार? निजाम. ज्या झाडाचे मूळ एकाच्याच अंगणात आहे त्याच्या फांद्या गावभर पसरल्या म्हणून ते झाड गावाचे होत नाही. दिवाण गेला आणि मंडळ आले. प्रजेच्या दृष्टीने एक नोकर जाऊन सात-आठ नोकर आले, धनी तोच राहिला.

धनी तोच राहिला असे आम्ही म्हणतो, पण त्या धन्यालाही धनी होता, हे विसरता कामा नये. इंग्रजांनी 'विश्वासू दोस्त' हा किताब त्याला दिला होता. वऱ्हाडाच्या प्रकरणात जेव्हा त्याने आपण अंतर्गत कारभारात इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत असे लिहिले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ मध्ये त्याला स्पष्ट शब्दांत सुनावले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करण्याचा अधिकार कोणाही संस्थानिकाला नाही. हे उत्तर त्याने गिळले. दहा वर्षांनी, १९३६ साली, युवराजाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' ही पदवी मिळाली. प्रत्यक्ष वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिला. वंशपरंपरागत सत्तेचे खरे रूप येथे दिसते. ती वरच्यापुढे वाकते, खालच्यापुढे कधीच वाकत नाही. मोगलांचा सुभेदार म्हणून १७२४ साली सुरू झालेले हे घराणे दिल्लीचा सूर्य मावळताच इंग्रजांच्या सावलीत गेले आणि इंग्रज निघताच तिसरा आधार शोधू लागले. आधार बदलत गेले. प्रजा हा आधार असू शकतो, हा विचार मात्र दोनशे चोवीस वर्षांत त्याला शिवला नाही.

दुसरा प्रश्न हिशेबाचा. संस्थानच्या जमिनीचा एक भाग 'सर्फ-ए-खास' या नावाने खुद्द निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेला होता. त्याखेरीज जहागीरदार, पायगावाले आणि संस्थानिक यांच्या जहागिरी पसरलेल्या होत्या. त्यांतील कित्येकांची स्वतःची पोलीस, स्वतःची कचेरी, स्वतःची वसुली. जहागिरीतल्या कुळाला निजामाचे दर्शन होत नसे आणि कायद्याचेही होत नसे. वेठबिगार हा तेथे गुन्हा नव्हता, रिवाज होता. १९३७ साली राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा 'जगातला सर्वांत श्रीमंत माणूस' म्हणून अमेरिकेच्या साप्ताहिकाने त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले. ज्या राज्यात १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांत दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती, त्या राज्याचा धनी जगात सर्वांत श्रीमंत ठरतो, यात गौरव कोणाचा आणि आरोप कोणावर हे सांगण्याची गरज आहे काय? आता त्याच्या दानशूरपणाच्या कथा सांगितल्या जातात. देवळांना, मशिदींना, शिक्षणसंस्थांना त्याने देणग्या दिल्या हे खरेच. पण प्रजेच्या घामाचा पैसा प्रजेला देणगी म्हणून परत देणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होय. देणगी घेणारा हात जोडतो. हिशेब मागणारा मान वर करतो. देणगीच्या राज्यात मान वर करण्याची सोय नव्हती.

शिवाय ती देणगी कोणाच्या पदरात पडली? उस्मानियात देशी भाषा आली हे उत्तम झाले. पण ती भाषा उर्दू होती. संस्थानात सुमारे निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी बोलत, त्यानंतर कानडी. उर्दू ज्यांची मातृभाषा असे लोक शंभरांत दहा-बारा. म्हणजे नांदेडच्या किंवा बीडच्या शेतकऱ्याच्या मुलापुढे इंग्रजीचा डोंगर होता तो गेला आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला. त्यातच खाजगी शाळांवर परवानगीचे निर्बंध. मोठे जलाशय झाले ते राजधानीभोवती आणि निजामाबादेकडे. मराठवाड्याच्या वाट्याला त्या काळात मोठे धरण आले नाही. पैठणच्या गोदावरीवर जायकवाडी झाले ते १९७६ साली, आणि औरंगाबादेस विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. दोन्ही लोकनियुक्त राज्यात. उर्दूवर आमचा काडीचाही राग नाही. ती या मातीतलीच गोड भाषा आहे. प्रश्न भाषेचा नसून मर्जीचा आहे. कोट्यवधी लोकांची मुले कोणत्या भाषेत शिकणार, हे जेथे लोकांना न विचारता एका सहीने ठरते, तेथे सही उर्दूची असो की मराठीची, ती गुलामीचीच सही होय.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या तोंडी 'गश्ती त्रेपन्न' हे शब्द शिवीसारखे होते. त्या आदेशान्वये सार्वजनिक सभा भरवायची तर आधी परवानगी काढावी लागे. १९३७ साली परतूरला गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याला धाडस म्हणावे लागले यावरूनच त्या राज्याची कल्पना यावी. त्याच साली राजकीय सुधारणा सुचवण्यासाठी अरवमुदू अय्यंगार समिती नेमण्यात आली. एका हाताने समिती नेमली आणि दुसऱ्या हाताने १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्याच्या आधीच, बंदी घातली. जन्मापूर्वीच मृत्यूचा दाखला काढणारे हे सरकार! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, तुरुंग भरले. 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि विद्यापीठातून काढण्यात आले आणि त्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने पोटाशी धरले. मग १९३९ च्या जुलैत त्या बहुचर्चित सुधारणा जाहीर झाल्या. त्यांत काय होते? एक कायदेमंडळ, ज्यात नेमलेल्यांची संख्या निवडलेल्यांपेक्षा अधिक. मतदान प्रजा म्हणून नव्हे तर जहागीरदार, पट्टेदार, व्यापारी, वकील, पदवीधर अशा धंद्यांच्या गटांनी करायचे. आणि शेवटचा शब्द निजामाचा. एवढ्यावर कृतज्ञ व्हा, असे प्रजेला सांगण्यात आले. प्रजेने मागितली भाकरी. तिला दाखवला भाकरीचा नकाशा.

येथे कोणी म्हणेल, सुधारणा हळूहळूच होतात. धीर धरायला हवा होता. हा युक्तिवाद वरवर समंजस वाटतो म्हणूनच तो खोडून काढणे अवश्य आहे. लोकनियुक्त राज्यातली हळू सुधारणा आणि गादीची हळू सुधारणा यांच्या दिशाच वेगळ्या असतात. पहिली सत्ता थोडीथोडी खाली आणते. दुसरी सत्ता वरच ठेवण्यासाठी जेवढे खाली टाकणे भाग आहे तेवढेच टाकते. दिवाण, मंडळ, समिती, कायदेमंडळ अशी एकेक पायरी निजामाने बांधली ती खाली उतरण्यासाठी नव्हे. पाणी वर चढत होते म्हणून गादी आणखी उंच नेण्यासाठी. वारस नवा, शिकलेला, कष्टाळू असला म्हणून यात फरक पडत नाही. उस्मान अली खान कष्टाळू होता, राहणीने कमालीचा साधा होता, कागद स्वतः वाचणारा होता. पण ज्याला सारे काही गादीमुळे मिळाले तो गादीच मोडील, ही अपेक्षा म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याने आपणच आपल्यावर घाव घालावा अशी अपेक्षा होय.

आणि या व्यवस्थेचा सर्वांत मोठा धोका १९४७ साली उघडा पडला. जूनमध्ये एक फर्मान निघाले: इंग्रज गेल्यावर निजाम स्वतंत्र सार्वभौम होणार. १ कोटी ६३ लाख लोकांचे भवितव्य एका कागदाने ठरले. त्यांतील एकालाही विचारले गेले नाही. स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी यांनी विचारण्याचे धाडस केले, ते तुरुंगात गेले. ऑक्टोबरात तर याहून विलक्षण प्रकार घडला. हिंदी सरकारशी करावयाच्या करारास त्याच्याच कार्यकारी मंडळाने संमती दिली होती. प्रतिनिधी दिल्लीस निघण्याच्या बेतात होते. रझाकारांच्या जमावाने रातोरात त्या प्रतिनिधींच्या घरांना वेढा दिला, आणि निजामाने आपला शब्द फिरवला. छत्तारीचे नवाब पंतप्रधानपद सोडून गेले, मीर लायक अली आले, आणि लातूरचा वकील कासीम रझवी संस्थानाचा अनभिषिक्त धनी झाला. एकतंत्री सत्ता म्हणजे बळकट सत्ता, असे जे मानतात त्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी. जेथे सारी सत्ता एका माणसात साठवलेली असते तेथे त्या एका माणसाला घाबरवले की सारे राज्य हस्तगत होते. कोट्यवधींच्या संमतीवर उभे असलेले राज्य एका रात्रीत असे पळवता येत नाही. रझाकार हा त्या राजवटीला झालेला अपघात नव्हता. तिच्या रचनेतच त्याला वाट करून ठेवलेली होती.

पुढचे दहा महिने बिदर, नांदेड, परभणी, उस्मानाबाद या जिल्ह्यांनी जे सोसले ते येथील घराघरांत ठाऊक आहे. पण ज्यांना हा लढा दोन धर्मांचा वाटतो त्यांना आम्ही एकच नाव सांगतो: शोएबुल्ला खान. 'इमरोझ' या उर्दू पत्राचा हा तरुण संपादक. त्याने हिंदी संघराज्यात विलीन होण्याचा पक्ष लेखणीने मांडला, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात त्याचा खून झाला. बिलोलीचे गोविंदराव पानसरे १९४६ साली असेच मारले गेले. एक मराठी कार्यकर्ता, एक उर्दू संपादक. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, अपराध एकच. दोघांनीही प्रजेला हक्क आहे असे म्हटले होते.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा आत शिरल्या. १७ तारखेस निजामाने शस्त्रे खाली ठेवली. काही दिवसांतच त्याने नभोवाणीवरून सांगितले की एका टोळीने आपल्याला हतबल करून सत्ता बळकावली होती. संयुक्त राष्ट्रांकडे धाडलेली तक्रारही मागे घेतली. ज्या नावाने सारे फर्मान निघाले तो मनुष्य एका भाषणाने मोकळा झाला. मोकळे झाले नाहीत ते दुसरेच. त्या दिवसांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या भागांत सूडाची जी लाट उठली तिच्यात हजारो निरपराध मुसलमान बळी पडले. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता, आणि तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. विजयदिनाच्या सभांतून हे सांगण्याची आपल्याकडे चाल नाही. पण जो मुक्तीचा उत्सव करतो त्याने हेही सांगितले पाहिजे. कोष्टी, शिकलगार, अत्तार, शेतमजूर अशा गरिबांनी गादीच्या पापाची किंमत दिली. त्यांना गादीने कधी काही विचारले नव्हते आणि फारसे काही दिलेही नव्हते. वंशपरंपरागत सत्तेचा हा अखेरचा आणि सर्वांत क्रूर न्याय: निर्णय एकाचा, प्रायश्चित्त दुसऱ्याचे.

त्यानंतरची गोष्ट तर आमच्या म्हणण्याचा पुरावाच आहे. २६ जानेवारी १९५० पासून तोच उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ च्या अखेरच्या ऑक्टोबरपर्यंत त्या पदावर राहिला. वर्षाला ५० लाखांचा तनखा, तेच महाल, तीच मानमरातब. सुंभ जळला तरी पीळ राहिला, असे म्हणून त्या वेळी अनेकांनी कडवट टीका केली, आणि ती गैर नव्हती. पण याच काळात काय घडले ते पाहा. १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारजमा झाले, जहागिरी रद्द झाल्या. १९५० साली कुळकायदा आला. १९५२ साली प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि बुर्गुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ बसले. सदतीस वर्षांत जे घडू शकले नाही ते चार वर्षांत घडले. माणूस तोच होता, महाल तोच होता, स्वभावही तोच असला पाहिजे. बदलली फक्त एक गोष्ट: त्याच्या सहीने आता काही ठरत नव्हते. दोष त्या माणसाच्या रक्तात नव्हता, धर्मात नव्हता. तो अधिकारात होता. अधिकार निघाला आणि तोच मनुष्य निरुपद्रवी झाला.

आता शेवटचा आक्षेप. लोकनियुक्त राज्याने तरी काय दिवे लावले? मराठवाडा अजून तहानलेला आहे, बिदर-भालकीचा मराठी माणूस अजून दोन राज्यांच्या दारांत उभा आहे, शेतकरी अजून फास घेतो आहे. हे सर्व खरे आहे आणि त्याबद्दल सत्ताधाऱ्यांना जितके फटकारावे तितके थोडे. पण हे वाक्य आपण छापू शकतो, चौकात म्हणू शकतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा जाब विचारू शकतो. गश्ती त्रेपन्नच्या राज्यात ते म्हणता येत नव्हते. वाईट सरकार आणि न काढता येणारे सरकार यांत जो फरक आहे, तो आजार आणि जन्मठेप यांतला फरक आहे.

मात्र तो फरक कायम राखणे आपल्या हाती आहे, आणि येथेच आम्हांला चिंता वाटते. गादी गेली, गादीपुढे वाकण्याची सवय गेली काय? रस्ता झाला तर 'साहेबांनी दिला' असे आपण म्हणतो. पाणी आले तर फलकावर नेत्याचे चित्र लागते. पित्यामागून पुत्र आणि पुत्रामागून नातू मतदारसंघाचा वारसा सांगतो, आणि आपण त्याच्या वयाचे, शिक्षणाचे, नम्रतेचे कौतुक करत बसतो. त्याला हिशेब विचारत नाही. निजामाच्या तलावांची आठवण काढून जे उसासे टाकतात आणि आजच्या घराण्यांपुढे जे हात जोडतात ते एकाच मनोवृत्तीचे वारस आहेत. त्यांना राज्य हवे आहे ते देणारे. आपले राज्य त्यांना अजून ओळखता येत नाही.

म्हणून येत्या १७ सप्टेंबरला ध्वजापुढे उभे राहताना प्रत्येकाने ते तीन प्रश्न मनाशी पुन्हा म्हणावेत. याला काढता येते काय? याचा हिशेब मागता येतो काय? याच्याविरुद्ध बोलता येते काय? उत्तरे 'होय' अशी असतील तर राज्य कितीही गबाळे असो, ते आपले आहे आणि सुधारता येईल. उत्तरे 'नाही' अशी असतील, तर तलाव कितीही खोल आणि महाल कितीही उंच असोत, आपण अजून फर्मानाचीच वाट पाहत आहोत असे समजावे.